आमची भिशी आणि सोन्याची खाण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी मी मागे, चहाच्या पातेल्यापाशी असते. कप किती लागतील, वडे पुरतील की नाही, हे पाहण्यातच माझा कार्यक्रम संपतो. ह्या वर्षी अध्यक्षबाईंनी मला पुढे ओढले आणि म्हणाल्या, "तुम्ही बचतीवर चार शब्द बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बचतीवर बोलायचे तर बँकेतल्या कोणी बोलावे. तरी मी हो म्हटले ते एका कारणासाठी. गेल्या दिवाळीपासून आपल्या कॉलनीत, गिरणीवर आणि भाजीच्या गाडीपाशी एक बोलणे चालू आहे, की आमच्या भिशीचे पैसे सोन्याच्या खाणीत गेले. कोणी म्हणते वीस हजार गेले, कोणी म्हणते सगळेच गेले. एका बाईंनी तर मला रस्त्यात थांबवून, "काय हो वहिनी, खाण लागली का?" असे विचारले आणि तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा मनात आले, की जे झाले ते तिथे बसलेल्यांपैकी कोणीतरी सरळ सांगून टाकावे.

भिशी बुडालेली नाही, हे आधी सांगते. आता काय झाले ते ऐका.

आमची भिशी चिठ्ठी काढून उचलायची नाही. आम्ही वीस जणी दरमहा पाचशे रुपये घालतो. जमलेले दहा हजार आमच्यातच कोणाला नड असेल तिला शेकडा एक रुपया व्याजाने देतो, आणि दिवाळीच्या आधी सगळे गोळा करून वाटून घेतो. वर्षाचे एक लाख वीस हजार आणि वर थोडे व्याज. कोणाची त्यात दिवाळी होते, कोणी पैसे तसेच बाजूला ठेवून जूनमध्ये मुलांची फी भरते. आमच्यात सर्वांत लहान जी आहे, तिचे यजमान चाकणला कंत्राटावर आहेत. सहा-सात महिने काम झाले की त्यांना ब्रेक मिळतो, आणि मग दोन महिने घर तिच्या शिवणावर चालते. तिच्या दृष्टीने भिशी म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

2025 च्या एप्रिलमध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा गाठला, हे आपल्याला आठवत असेल. त्या अक्षय्य तृतीयेला आमच्यापैकी एकीनेही गुंजभर सोने घेतले नाही. पुढच्या शुक्रवारी भिशीला बसलो तेव्हा सगळ्यांचे बोलणे तेच. तेवढ्यात शिवणवर्गाच्या ताई म्हणाल्या, "सोने घेणे आता आपल्या हातचे राहिले नाही. पण सोने शोधणाऱ्या कंपनीचा शेअर घेता येतो, तो शे-दीडशे रुपयांत मिळतो." त्यांचा भाचा हिंजवडीला नोकरीला आहे आणि शेअरबाजारात व्यवहार करतो. त्याने सांगितले होते, की मुंबईच्या शेअरबाजारात डेक्कन गोल्ड माइन्स म्हणून एक कंपनी आहे आणि ती आपल्या देशात सोने शोधते. ताईंचे म्हणणे असे, की ह्या वर्षी भिशी वाटूच नये. सगळी रक्कम तिकडे लावावी, आणि दोन-तीन वर्षांनी एकेकीला पाटलीपुरते तरी सोने येईल.

भगिनींनो, खोटे कशाला बोलू, मला ते ऐकून बरे वाटले. माझ्या दोन बांगड्या मोठ्या मुलीच्या लग्नात गेल्या, त्या पुन्हा झालेल्या नाहीत. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्या करून हातात घालूनही पाहिल्या.

पहिला प्रश्न विचारला तो पापडवाल्या मावशींनी. मावशींना सहीपुरते लिहिता येते, पण हिशेबात त्यांना कोणी फसवलेले मी पाहिलेले नाही. त्या म्हणाल्या, "शोधते म्हणजे काय? तिच्यापाशी सोने आहे की नाही?" ताई म्हणाल्या, "जमिनीत आहे." मावशी म्हणाल्या, "जमिनीत तर पाणीही असते. बोअर घेणाऱ्याला विचारा."

हा प्रश्न मी घरी नेला. आमचे यजमान वर्कशॉपमध्ये मशीनवर आहेत, ड्रिल हा त्यांचा रोजचा विषय. त्यांनी मला जेवता जेवता मुळ्याचा तुकडा घेऊन समजावून दिले. आपल्या नेहमीच्या ड्रिलने लोखंडाचा कीस होतो. दगडातले खनिज पाहायचे असेल तर ड्रिल पोकळ असते, त्याच्या तोंडाला बारीक हिरे बसवलेले असतात. ते भोवतालचा दगड गोल कापत खाली जाते आणि मधला दगड उसाच्या कांडीसारखा अखंड वर निघतो. ह्या कांड्या खोक्यांत ओळीने मांडतात, उभ्या चिरतात, अर्धी प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धी जपून ठेवतात, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर पुन्हा तपासता येते. असे शेकडो ठिकाणी भोके पाडावी तेव्हा कुठे अंदाज येतो, की दगडाची सोन्याची पट्टी किती लांब, किती खोल आणि टनाला किती ग्रॅम. म्हणजे शोधणाऱ्या कंपनीपाशी काय असते, तर ह्या कांड्या, नकाशे आणि सरकारचा परवाना. सोने त्या कागदांवर असते.

आणि टनाला ग्रॅम म्हणजे किती, ते मी पुढच्या शुक्रवारी बायकांना गव्हाच्या हिशेबात सांगितले. पन्नास किलोचे वीस कट्टे म्हणजे एक टन. एवढा दगड फोडायचा, दळायचा, रसायनात भिजवायचा, तेव्हा त्यातून दोन-तीन ग्रॅम सोने निघाले तरी खाण चालवण्यासारखी असू शकते. दोन-तीन ग्रॅम म्हणजे कानातली जेमतेम एक जोडी. वीस कट्ट्यांतून! सगळ्या गप्प झाल्या. मग मावशी म्हणाल्या, "दळणावळ कोण देणार?"

मला वाटते, त्या दिवशी आमच्या चर्चेला खरे वळण लागले. तोवर आम्ही "सोने आहे की नाही" एवढेच विचारत होतो.

त्यावरून सोनभद्रची आठवण निघाली. 2020 च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांवर सोने सापडल्याची बातमी आली होती. आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ते निरोप फिरले, आठवते ना? आता भारत पुन्हा सोन्याची चिमणी होणार म्हणून. दोनच दिवसांत भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने खुलासा केला, की आम्ही असे काही म्हटलेले नाही. तिथे सुमारे 52,800 टन दगड आहे, त्यात टनाला 3.03 ग्रॅम सोने, म्हणजे सगळे मिळून सुमारे 160 किलो. मी हिशेब केला. 2011 च्या जनगणनेत आपल्या पिंपरी-चिंचवडची वस्ती सव्वासतरा लाख होती. एवढ्या माणसांत ते 160 किलो वाटले तर एकाच्या वाट्याला ग्रॅमचा दहावा भागही येत नाही. तीन हजार टनांचा निरोप मीही आठ जणींना पुढे पाठवला होता, हेही सांगून टाकते. खुलासा मात्र एकीलाही पाठवला नाही.

पण शिवणवर्गाच्या ताई काही हार मानणाऱ्या नव्हेत, आणि त्यांचे म्हणणे पोकळही नव्हते. त्या पुढच्या खेपेला कोलारची माहिती घेऊन आल्या. केजीएफचा सिनेमा आपल्या मुलांनी पाहिला, त्यातली गोष्ट रचलेली. पण कोलारची खाण खरी. 1880 पासून तिथे इंग्रज कंपनीने मोठ्या प्रमाणावर काम सुरू केले. खणत खणत ती खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्या, जवळजवळ तेवढे खोल. सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर त्या खाणीने आठशे टनांच्या वर सोने दिले, आणि 28 फेब्रुवारी 2001 ला ती बंद झाली. का? तर वर काढायचा खर्च सोन्याच्या किमतीहून जास्त होऊ लागला म्हणून. तेव्हा सोने तोळ्याला साडेचार हजारांच्या आसपास होते. ताई म्हणाल्या, "आता लाख झाले. त्या वेळी जे परवडत नव्हते ते आज का परवडणार नाही? आज असती तर कोलारची खाण बंद झाली असती का? 2024 मध्ये कर्नाटक सरकारने तिथल्या टाकून दिलेल्या मातीच्या ढिगांतून पुन्हा सोने काढायला मान्यता दिली, ती उगीच का?"

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. आपला देश वर्षाला सातशे-आठशे टन सोने बाहेरून आणतो आणि आपल्या खाणींतून दीड-दोन टनांच्या आसपास निघते. तेही बहुतेक कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात हट्टी म्हणून गाव आहे तिथल्या सरकारी खाणीतून. तेव्हा कोणी इथेच सोने काढतो म्हणत असेल तर तो वेडा नव्हे. त्या दिवशी हात वर करायला सांगितले असते तर वीसपैकी बारा-तेरा हात वर झाले असते. त्यांत माझाही असता.

आता कंपनीची गोष्ट. ती कंपनी लबाड आहे असे मी म्हणत नाही आणि कोणी माझ्या तोंडी घालू नये. तिची गोष्ट विम्याचे काम करणाऱ्या ताईंनी कागद काढून आम्हाला वाचून दाखवली. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यात गणाजूर म्हणून गाव आहे. तिथे ह्या मंडळींनी वर्षानुवर्षे शोध केला, भोके पाडली, सोने दाखवले आणि खाणपट्ट्यासाठी अर्ज केला. पूर्वी रीत अशी, की ज्याने शोधले त्याला खणायचा पट्टा मिळायचा. 2015 मध्ये खाणींचा कायदा बदलला आणि पट्टे लिलावाने द्यायचे ठरले. आधीपासून शोध करणाऱ्यांना त्यातून सूट ठेवली होती. मग 2021 मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि ज्यांचे अर्ज तोवर पडून होते त्यांची ती सूटही गेली. शोधाच्या खर्चाची भरपाई देण्याची सोय तेवढी ठेवली. गणाजूरचा अर्ज ह्याच गठ्ठ्यातला.

सरकारचेही चुकले असे मला म्हणवत नाही. जमीन सगळ्या जनतेची आहे, लिलावाने जास्त पैसा येत असेल तर तो का घेऊ नये? पण तुम्ही शेअर घेऊन बसलेल्या माणसाच्या जागी जाऊन पाहा. सोने खोटे नव्हते, कांड्या खोट्या नव्हत्या, माणसेही पळाली नाहीत, आणि तरी सगळे अडकले. आम्ही आपल्या विचार करत होतो, सोने निघेल की नाही? आणि इथे सोने निघूनही खणायला मिळेना.

दुसरी बाजूही आहे, ती न सांगितली तर अन्याय होईल. आंध्र प्रदेशात कर्नूल जिल्ह्यात जोन्नगिरी म्हणून गाव आहे. ह्या गावाची मला मोठी मौज वाटली. तिथे पहिला पाऊस पडून गेला की गावकरी, बायकामुलेसुद्धा, शेतांतून माना खाली घालून हिरे शोधत फिरतात, आणि कधीमधी कोणाला खरोखर सापडतोही. काही अभ्यासक म्हणतात, अशोकाच्या वेळची सुवर्णगिरी ती हीच. त्या गावाजवळ सोन्याची खाण उभी राहिली आहे, आणि ती ज्या कंपनीची आहे तिच्यात डेक्कन गोल्डचा मोठा वाटा आहे. तिथला पट्टा 2013 मध्ये मिळाला, छोट्या प्रमाणावर कारखाना उभारायला 2021 उजाडले, आणि 2025 च्या भाद्रपदात वर्तमानपत्रांतून येऊ लागले, की देशातील खाजगी क्षेत्रातली पहिली मोठी सोन्याची खाण आता सुरू होणार. त्या आठवड्यात आमच्या ताईंचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या पेढे आणणार होत्या, पण पितृपक्ष होता.

मी मात्र त्या बातमीतली वर्षे मोजली. 2013 ते 2025, बारा वर्षे. एक कुंभमेळा! माझी धाकटी तेव्हा बालवाडीत होती, ती आता कॉलेजात जाते. आणि ह्या बारा वर्षांत कंपनीने खायचे काय? सोने विकून पैसा येत नाही तोवर पैसा आणायचा कुठून? कर्ज काढायचे, नाहीतर नवे शेअर विकायचे. नवे शेअर विकले की जुन्यांचा वाटा पातळ होतो. हे बायकांना पटेना, तेव्हा मावशींनीच सोडवून सांगितले, "एका घाण्याच्या कुरडया आपण वीस जणींनी वाटून घ्यायच्या ठरवल्या. मध्येच गहू कमी पडले म्हणून आणखी दहा जणींकडून गहू घेतले. आता वाटण्या तीस. कुरडया वाढल्या तर बरे, नाहीतर आपल्या वाट्याच्या कमी." ह्याहून सोपे मला तरी सांगता आले नसते.

ह्याच सुमारास हिशेब लिहिणाऱ्या काकूंनी एक गोष्ट आणली, तिने काही जणींचे मन फिरले. काकूंची मुलगी कॅनडात असते. तिने फोनवर सांगितले, की तिथे ब्री-एक्स म्हणून सोने शोधणारी कंपनी होती. तिने इंडोनेशियाच्या जंगलात बुसांग ह्या ठिकाणी सोने सापडल्याचे जाहीर केले. आकडा दर खेपेला वाढत गेला, 1997 च्या सुरुवातीला तो दोन हजार टनांवर गेला. चिल्लरीत मिळणारा शेअर अडीचशे डॉलरच्या वर गेला होता. सेंट पॉल नावाच्या एका लहानशा गावात शेजाऱ्याचे ऐकून शेजाऱ्याने, असे करत गावचे गाव पैसे घालून बसले. मार्च 1997 मध्ये त्या कंपनीचा भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला, आणि मे महिन्यात तपासणीचा अहवाल आला, की तिथे सोने नाहीच. दगडाच्या पुडीत बाहेरून सोने मिसळून नमुने प्रयोगशाळेत पाठवले जात होते. शेअर कवडीमोल झाला.

आमचे यजमान ऐकून म्हणाले, "पण अर्धी कांडी ठेवलेली असते ना? ती तपासली असती तर कळले असते." तीच तर मेख होती. त्या कंपनीने अर्धी कांडी ठेवलीच नाही, सगळी दळून टाकली. एवढ्या मोठमोठ्या बँका, पेन्शनचे फंड, शिकलीसवरलेली माणसे त्यात होती, आणि इतकी वर्षे कोणी विचारले नाही, की बाकीची अर्धी कुठे आहे? मी पुन्हा सांगते, ती गोष्ट तिकडची, आपल्या इथल्या कंपनीशी तिचा काही संबंध नाही. पण शेजारणीचे ऐकून शेजारणीने पैसे घालणे, हे ओळखीचे वाटले.

मला स्वतःला तर ते फारच ओळखीचे वाटले. आमचे मामंजी पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले ते नव्वदच्या दशकात. त्या काळी सागवानाच्या योजना निघाल्या होत्या. एक झाड घ्या, वीस वर्षांनी लाख मिळतील. मामंजींनी ग्रॅच्युइटीतले पैसे एका अशा कंपनीत घातले. नाव सांगत नाही, आता नाव घेऊन उपयोग काय? छान जाड कागदाचे प्रमाणपत्र आले, त्यावर सागाच्या झाडाचे चित्र. मामंजी ते देवघराच्या फळीवर ठेवत. पुढे पत्रे परत येऊ लागली, मग पत्ताच राहिला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते प्रमाणपत्र ट्रंकेत गेले होते. मामंजी गेल्यावर सासूबाईंनी ट्रंक आवरली, सगळे काढले आणि तो कागद पुन्हा आत ठेवला. त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यांनी झाड म्हणून घेतले होते." तो अजून आमच्याकडे आहे.

नवरात्राच्या आदल्या शुक्रवारी ठरवायचे होते. ताईंनी शेवटचे चांगले मांडले. पैसे दोन-तीन वर्षे विसरून जायचे, आणि मग बघायचे. तेव्हा विम्याच्या ताईंनी एकच विचारले, "शेअर घ्यायचे कोणाच्या नावावर?" भिशीच्या नावाने शेअर घेता येत नाहीत. ते एकीच्या नावावर घ्यावे लागणार. शिवणवर्गाच्या ताई लगेच म्हणाल्या, "माझ्या भाच्याचे खाते आहे, नाहीतर माझ्या नावावर घेऊ." त्यांच्या मनात काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण खोलीत अशी काही शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. ताईंच्या ते लक्षात आले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पंधरा वर्षांची भिशी, एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही, आणि त्या दिवशी आम्ही एकमेकींकडे पाहू शकत नव्हतो. पैसा कुठेही गेलेला नव्हता, डब्यातच होता. तरी त्या अर्ध्या मिनिटात आमचे जे गेले ते मला अजून खुपते.

बोलली ती आमची धाकटी, चाकणवाली. ती एरवी बोलत नाही. ती म्हणाली, "ताई, तुमच्या नावावर ठेवायला माझी ना नाही. पण मला विसरता येणार नाहीत हो पैसे. ह्यांना पुढच्या महिन्यात ब्रेक आहे." झाले. त्यानंतर हात वर करायची वेळच आली नाही. मावशींनी वही पुढे ओढली आणि दिवाळीला भिशी नेहमीप्रमाणे वाटायची असे लिहायला सांगितले. मी लिहिले. ती वही आज इथे आणली आहे. ज्यांना खाणीत गेलेले वीस हजार शोधायचे आहेत त्यांनी कार्यक्रमानंतर खुशाल पाहावी.

आता त्या अफवेत तीळभर खरे आहे, तेही सांगते. भिशी वाटून झाल्यावर आमच्यापैकी चौघींनी आपापल्या वाट्यातून, आपापल्या नावावर, त्या कंपनीचे थोडे थोडे शेअर घेतले. शिवणवर्गाच्या ताईंनी घेतले, ते साहजिकच आहे. दुसऱ्या दोघींची नावे मी सांगत नाही. चौथी मी. तुम्ही म्हणाल, इतके सगळे ऐकून, वर्षे मोजून, मामंजींचा कागद घरात असून ही बाई असे का वागली? मी स्वतःलाही विचारले. मी डबे करते. त्यातले तीन हजार माझे, कोणाच्या फीचे नाहीत, कोणाच्या ब्रेकचे नाहीत. ते गेले तर दोन दिवस भाकरी कडू लागेल, एवढेच. आणि त्या जोन्नगिरीच्या बायका पाऊस पडला की शेतात जातात, त्यांच्यासारखे एकदा मान खाली घालून पाहावेसे वाटले. यजमानांना मी आधी सांगितले नव्हते, भाऊबीजेला सांगितले. ते म्हणाले, "अर्धी कांडी ठेवली आहे का विचारलेस?" आणि हसले.

आता दर रविवारी मुलगा मोबाइलवर भाव पाहून सांगतो आणि मी तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. कधी चढलेला असतो, कधी उतरलेला. परवाच्या रविवारी ह्या कार्यक्रमाच्या तयारीत विचारायचे राहूनच गेले.

शिवणवर्गाच्या ताई मध्यंतरी दोन महिने भिशीला आल्या नव्हत्या. मावशी आणि मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, खाणीचा विषय कोणी काढला नाही. आता त्या येतात, आज समोर बसल्या आहेत. नव्या वर्षाच्या भिशीची वही त्यांच्याकडे द्यावी असे मावशींनी सुचवले आणि सगळ्यांनी हो म्हटले. वीसपैकी दोन जागा ह्या वर्षी रिकाम्या झाल्या आहेत, एक जण बदलीने नाशिकला गेली आणि एकीला सुनेचे बाळंतपण आहे. ज्या बाईंनी मला रस्त्यात थांबवले होते त्या यायच्या असतील तर त्यांनी पहिल्या शुक्रवारी दुपारी तीनला पाचशे रुपये घेऊन यावे. मी आता मागे जाते, चहा उतू जाईल.